‘गरज पूर्ण झाली’ हा निरोप कुठे अडकला: ठाण्यातल्या रक्तदात्यासाठीच्या एका आवाहनाचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या काही हौशी मंडळींनी चालवलेल्या एका छोट्या मास्टोडॉन सर्व्हरवरचं आहे. मास्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण ते एकाच कंपनीचं नसून वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांवर पसरलेलं असतं. माणसांची, रुग्णालयाची आणि सर्व्हरची नावं वगळली आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी त्या सर्व्हरचा सदस्य नाही. तिथला अ‍ॅडमिन ओळखीचा, म्हणून दुसऱ्या रात्री त्याचा मला फोन आला आणि पुढचं सगळं जवळून बघायला मिळालं.

पार्श्वभूमी

नौपाड्यात राहणारा एक तरुण नोकरी सांभाळून हा सर्व्हर चालवतो. महिन्याच्या भाड्याने घेतलेलं मशीन आणि दोनेकशे खाती, एवढाच पसारा. त्यातली निम्मी खाती येऊरच्या पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्यांची, बाकीची मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची. मास्टोडॉन २०१६ साली आलं. ते आणि त्याच्यासारखी बरीच सॉफ्टवेअर आपापसात ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांनी, बोलतात. हा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृत शिफारस म्हणून मान्य केला. वापरणाऱ्याला यातलं काही माहीत असायची गरज पडत नाही. नौपाड्यातल्या सर्व्हरवर लिहिलेलं पुण्यातल्या किंवा जर्मनीतल्या सर्व्हरवरचा माणूस वाचतो, एवढं पुरतं.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात कॉलेजात जाणारा एक मुलगा डेंग्यूने दाखल झाला. प्लेटलेट्स झपाट्याने खाली आल्या आणि डॉक्टरांनी एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्स मागितल्या. लोक याला एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स) म्हणतात. दात्याला स्वतः रक्तपेढीत येऊन तास-दीड तास मशीनला बसावं लागतं. काढलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे हव्या त्या गटाच्या पिशव्या तयार मिळतीलच असं नसतं. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला मुलाच्या मावशीने या सर्व्हरवर आवाहन टाकलं. त्यात रक्तगट, रुग्णालय, ‘अर्जंट’ हा शब्द, मुलाच्या वडिलांचा मोबाइल नंबर आणि सोबत रुग्णालयाने दिलेल्या मागणीपत्राचा फोटो होता. त्या कागदावर मुलाचं पूर्ण नाव, वय, वॉर्ड आणि बेड नंबर होता.

फोटो कशाला टाकला, असं नंतर कुणीतरी विचारलं. मावशींचं उत्तर सरळ होतं: “कागद दाखवल्याशिवाय हल्ली कोण विश्वास ठेवतं?” त्यांचं चूक नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वर्षांपूर्वीची आवाहनं फिरत असतात, म्हणून लोक कागद मागतात.

पोस्ट कशी पसरली

हा भाग सावकाश सांगतो, कारण पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

मावशींनी ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर त्यांच्या सर्व्हरने त्यांचे फॉलोअर कुठल्या कुठल्या सर्व्हरवर आहेत ते पाहिलं आणि प्रत्येक सर्व्हरच्या सामायिक इनबॉक्सात पोस्टची एक-एक प्रत टाकली. एका सर्व्हरवर पन्नास फॉलोअर असले तरी प्रत एकच जाते. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. मावशींचे फॉलोअर फार नव्हते, त्यामुळे ही पहिली फेरी पंधरा-वीस सर्व्हरांपुरतीच झाली.

मग बूस्ट सुरू झाले, म्हणजे लोक ती पोस्ट आपापल्या फॉलोअरांना दाखवू लागले. बूस्ट करणाऱ्याचा सर्व्हर पोस्टचा मजकूर पुढे पाठवत नाही, फक्त तिचा पत्ता पाठवतो. ज्यांच्याकडे ती पोस्ट आधी नसते ते सर्व्हर त्या पत्त्यावरून मूळ सर्व्हरकडे येतात, पोस्ट उचलतात आणि स्वतःकडे प्रत ठेवतात. फोटोसुद्धा आपल्या साठ्यात उतरवून घेतात. पुण्यातल्या एका बऱ्याच फॉलोअरवाल्या माणसाने संध्याकाळी साडेपाचला बूस्ट केलं आणि नौपाड्यातल्या त्या मशीनवर दूरदूरच्या सर्व्हरांची रांग लागली.

तिसरी वाट कुणाच्या ध्यानात येत नाही. पोस्टखाली कुणी उत्तर दिलं की ते उत्तर त्या माणसाच्या फॉलोअरांकडे जातं. त्यांच्या सर्व्हरला उत्तर मिळतं, पण कशाचं उत्तर ते ठाऊक नसतं. मग धागा जुळवण्यासाठी तो सर्व्हर वरची पोस्ट मागून आणतो. ‘शेअर केलंय मावशी, काळजी करू नका’ असं लिहिणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाने बूस्ट न करताही ती पोस्ट नव्या सर्व्हरांवर नेली.

अडचण

रात्री नऊला दाता मिळाला. तो कळव्याचा होता आणि त्याला ही बातमी मास्टोडॉनवरून नव्हे, मित्राच्या फोनवरून कळली होती. सव्वानऊला मावशींनी आपल्याच पोस्टखाली उत्तर लिहिलं: ‘गरज पूर्ण झाली, सगळ्यांचे आभार.’ आणि त्या निवांत झाल्या.

बुधवारी दिवसभर वडिलांचा फोन वाजत राहिला. सकाळी अकराला डोंबिवलीहून एक गृहस्थ ट्रेन आणि रिक्षा करत थेट रक्तपेढीच्या काउंटरवर पोचले. तिथे त्यांना कळलं की काम कालच झालं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “अहो, मी निघायच्या आधी परत बघितलं होतं. तसंच होतं.” त्यांनी खरंच बघितलं होतं. त्यांच्या सर्व्हरवर मूळ पोस्ट होती, मावशींचं ‘गरज पूर्ण’ नव्हतं. मावशींचं उत्तर मावशींच्या फॉलोअरांकडे गेलं. पुण्याच्या माणसाचे फॉलोअर म्हणजे मावशींचे फॉलोअर नव्हेत.

दुपारनंतर दुसऱ्या जातीचे फोन सुरू झाले. “मी डोनर, निघालोय, फक्त रिक्षाचे पाचशे पाठवा.” मुलगा वॉर्डात, वडील फोन बंद ठेवू शकत नाहीत, कारण विमा कंपनी, रुग्णालय, कचेरी सगळीकडे तोच नंबर दिलेला. संध्याकाळी एकाने मुलाचं नाव आणि बेड नंबर सांगून पैसे मागितले. फोटोतल्या कागदाचा असाही उपयोग झाला. त्या फोननंतर वडिलांनी मावशींना सांगितलं, “ताई, ते काय टाकलंय ते आधी काढा.” मावशींनी अ‍ॅडमिनला सांगितलं आणि अ‍ॅडमिनने मला फोन केला.

समोरचे पर्याय

बुधवारी रात्री दहाच्या पुढे आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर होतो. अ‍ॅडमिनचं म्हणणं एका वाक्यात होतं: आत्ताच्या आत्ता हटवू. मावशी अडून बसल्या. हटवलं तर पोस्ट गायब होईल, पण जे रक्त द्यायला निघायच्या बेतात आहेत त्यांना कोण सांगणार?

दोघांचंही खरं होतं, आणि याला कारण मास्टोडॉनच्या दोन वेगवेगळ्या सोयी. हटवल्यावर मूळ सर्व्हर ‘ही पोस्ट काढा’ असा सहीचा निरोप पाठवतो. फॉलोअरांच्या सर्व्हरांना जातोच, शिवाय ज्यांनी बूस्ट केलं, पसंती दिली किंवा उत्तर दिलं त्यांच्या सर्व्हरांनाही जातो. बूस्ट करणाऱ्याचा सर्व्हर मास्टोडॉन असेल तर तो हा निरोप आपल्या बाजूच्या फॉलोअरांकडे पुढेही ढकलतो. पोस्ट निमूटपणे नाहीशी होते, का झाली ते कुणालाच कळत नाही. संपादन केलं तर वाट साधारण हीच असते, पण ज्यांनी ज्यांनी बूस्ट केलं त्या प्रत्येकाला ‘तुम्ही बूस्ट केलेली पोस्ट बदलली’ अशी सूचना जाते. मावशींना हवं होतं ते नेमकं हेच.

अडचण अशी की मास्टोडॉन संपादनाचा इतिहास ठेवतो आणि तो कुणालाही उघडून बघता येतो. नंबर खोडून ‘गरज पूर्ण’ लिहिलं तरी पोस्टवरच्या ‘संपादित’ या खुणेवर टिचकी मारली की जुना मजकूर नंबरासकट समोर येतो. म्हणजे एका मार्गाने निरोप पोचतो पण नंबर राहतो, दुसऱ्या मार्गाने नंबर जातो पण निरोप पोचत नाही.

बाकीचे पर्याय पटकन बाद झाले. नवी पोस्ट टाकणं म्हणजे सव्वानऊच्या उत्तराचीच पुनरावृत्ती. ‘हटवा आणि पुन्हा लिहा’ या बटणाने जुन्या पोस्टचे बूस्ट तुटतात, त्यामुळे तेही हटवण्यातच जमा. कॉलवर मध्येच डोकावलेल्या अ‍ॅडमिनच्या मित्राने सुचवलं की चार दिवस सर्व्हरच बंद ठेवावा. हा पर्याय ऐकायला जालीम वाटतो आणि सगळ्यांत वाईट आहे. प्रती इतरांकडे आहेत, आणि त्या काढायला सांगू शकणारं एकमेव मशीन आपणच बंद करायचं.

काय केलं

मी सुचवलं की आधी संपादन, मग हटवणं, आणि दोन्हींत थोडी फट. अ‍ॅडमिनला ती फट पटत नव्हती. “तेवढ्या वेळात नंबर इतिहासात दिसणार ना?” दिसणारच होता. पण तो त्या क्षणीही दिसतच होता, तोही इतिहासात दडलेला नव्हे, सगळ्यांच्या नजरेसमोर. अखेर वडिलांना विचारायचं ठरलं, कारण नंबर त्यांचा. ते म्हणाले, लोकांना उगाच रक्तपेढीत धावायला लावू नका, एक रात्र मी काढतो.

बुधवारी रात्री अकराला संपादन केलं. पहिल्याच ओळीत ‘गरज मंगळवारी रात्री ९ वाजता पूर्ण झाली. कृपया फोन करू नका, बूस्ट काढून घ्या.’ नंबर काढला, फोटो काढला. रक्तगट आणि रुग्णालयही काढलं, नाहीतर घाईत वाचणारा तेवढंच वाचतो. पुण्याच्या त्या माणसाने सकाळी सातला बूस्ट मागे घेतला आणि स्वतःहून ‘गरज पूर्ण’ अशी वेगळी पोस्ट लिहिली. त्या एका पोस्टने मावशींच्या उत्तरापेक्षा कितीतरी जास्त काम केलं, कारण मूळ पोस्ट ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने ती गेली.

गुरुवारी दुपारी दोनला पोस्ट हटवली.

मध्ये पंधरा तास गेले. माझ्या मते फार झाले. रात्री अकराला पाठवलेली सूचना बहुतेकांनी सकाळीच बघितली. संपादन रात्री करायचं तर सकाळी दहापर्यंत हटवता आलं असतं. पण गुरुवारी सकाळी अ‍ॅडमिन माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेल्या बसमध्ये होता आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचा हात लॅपटॉपला लागला नाही.

शुक्रवारीही फोन चालूच होते. कमी झाले होते, पण येत होते. वडिलांना सांगून ठेवलं होतं की प्रत्येकाला ‘कुठे वाचलंत?’ एवढं विचारा. काहींनी मास्टोडॉनचंच नाव घेतलं. हटवून दिवस झाला तरी पोस्ट दिसत होती, म्हणजे हटवल्याचा निरोप काही ठिकाणी गेलाच नव्हता.

इथे वेब सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोण कधी काय मागायला आलं याची नोंद, कामाला आला. दुसरा सर्व्हर पोस्ट उचलायला येतो तेव्हा तो स्वतःची ओळख सांगतो. लॉगच्या ओळीत वेळ, मागितलेल्या पोस्टचा पत्ता आणि शेवटी मास्टोडॉनचा आवृत्ती-क्रमांक व मागणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असतो. म्हणजे आपल्या दारातून पोस्ट कोणकोण घेऊन गेलं याची यादी आपल्याकडे आपोआप तयार झालेली असते. लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून अ‍ॅडमिनने आधी त्यांची प्रत काढली. मग फक्त या पोस्टच्या पत्त्याच्या ओळी वेगळ्या केल्या, त्यातून सर्व्हरांची नावं काढली आणि हटवल्याचा निरोप ज्यांना गेला होता त्यांच्याशी ताडून पाहिली.

बरीच नावं उरली. त्यांच्यावर बूस्ट करणारं कुणी नव्हतं, मावशींचा फॉलोअरही नव्हता. धागा जुळवायला पोस्ट घेऊन गेलेले हेच ते सर्व्हर. तिथे पोस्ट उत्तराच्या शेपटाला धरून गेली होती, आणि मूळ सर्व्हरच्या हिशेबात हे सर्व्हर नव्हतेच. हटवण्याचा निरोप पाठवताना तो त्यांना मोजत नाही.

शनिवारी सकाळी अ‍ॅडमिनने हटवण्याचा तोच निरोप मावशींच्या खात्याच्या सहीने या उरलेल्या सर्व्हरांच्या सामायिक इनबॉक्सांत पुन्हा पाठवला. सही खरी आणि पोस्ट त्याच खात्याची, त्यामुळे समोरच्या मास्टोडॉनला तो पाळण्यात काही अडचण नसते. हे बटण दाबून होत नाही, कन्सोलमध्ये उतरून हाताने आज्ञा लिहाव्या लागतात, आणि चुकीचा पत्ता दिला तर दुसरीच पोस्ट उडू शकते. म्हणून आधी त्याने स्वतःच्या एका चाचणी पोस्टवर करून पाहिलं. काही निरोप पुन्हा-पुन्हा प्रयत्नांच्या रांगेत अडकले, कारण समोरचे सर्व्हर बंद होते. मास्टोडॉन असा निरोप वाढत्या अंतराने साधारण दोन दिवस पाठवून बघतो आणि मग सोडून देतो. त्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिलेला सर्व्हर परत सुरू झाला की त्याच्याकडची प्रत तशीच.

यादीत काही सर्व्हर मास्टोडॉनचे नव्हतेच. मिस्की या अशाच दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवर पोस्ट संपादित करण्याची सोय नाही, त्यामुळे बुधवारचं ‘गरज पूर्ण’ तिथे कधी दिसलंच नाही. अशा ठिकाणच्या अ‍ॅडमिनना मावशींच्या वतीने साध्या भाषेत पत्र लिहिलं: पोस्टचा पत्ता, कारण, आणि ‘तुमच्याकडची प्रत काढाल का’. बहुतेकांनी काढली. एकाने उत्तरच दिलं नाही.

परिणाम

पुढच्या आठवड्यात मास्टोडॉनचं नाव घेणारे फोन थांबले. फोन मात्र संपले नाहीत. आता ‘कुठे वाचलंत’चं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप होतं. कुणीतरी मंगळवारीच पोस्टचा स्क्रीनशॉट काढला होता आणि तो सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता. त्यावर तारीख नव्हती. मोबाइलच्या पट्टीवर फक्त ५:५२ ही वेळ होती. त्याला कुठलाही प्रोटोकॉल लागू होत नाही. वडिलांनी शेवटी अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची मोबाइलमधली सोय चालू केली आणि रुग्णालयाचे नंबर सेव्ह करून ठेवले. मुलगा तोवर घरी आला होता.

डोंबिवलीच्या गृहस्थांना मावशींनी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, “आता आलोच होतो तर साधं रक्त देऊन आलो.”

वेगळं काय करता आलं असतं

यावर आमच्या तिघांचं आजही पूर्ण एकमत नाही.

अ‍ॅडमिनचा भर नंबरावर आहे. नातेवाइकाचा नंबर पोस्टमध्ये नकोच. एखाद्या स्वयंसेवकाकडे याच कामाचं वेगळं सिम असावं, किंवा पोस्टमध्ये फक्त एका पानाची लिंक असावी. पान आपल्या ताब्यात, त्यावरचा नंबर कधीही काढता येतो. लिंकचा मुद्दा मला पटतो, पण त्यातही एक खाच आहे. प्रत्येक सर्व्हर लिंकचं पूर्वदर्शन स्वतः आणतो आणि पहिल्यांदा मिळालेलं शीर्षक साठवतो. पानाचं शीर्षक ‘ओ पॉझिटिव्ह अर्जंट’ असेल तर पान बदलल्यावरही पोस्टखालच्या चौकटीत ‘अर्जंट’च दिसत राहील. शीर्षक बेताचं ठेवावं, ‘सद्यस्थिती इथे पाहा’ एवढंच.

माझा आग्रह वेळेवर आहे. ‘ही गरज मंगळवार रात्री १२ पर्यंतची’ अशी ओळ पोस्टमध्ये सगळ्यांत वर असती, तर स्क्रीनशॉटसुद्धा स्वतःची मुदत सांगत फिरला असता. हा एकच उपाय असा आहे जो पोस्टबरोबर सगळीकडे जातो, व्हॉट्सअ‍ॅपवरही. नऊला दाता मिळाल्याबरोबर उत्तर लिहिण्याऐवजी मूळ पोस्टच संपादित करायला हवी होती. बुधवारचा निम्मा त्रास तिथेच टळला असता. आणि पुण्याच्या माणसाला मंगळवारी रात्रीच एक थेट संदेश गेला असता तर त्याची ती पोस्ट निदान एक दिवस आधी आली असती. बऱ्याच फॉलोअरवाल्या कुणी बूस्ट केलंय ते पोस्टखाली दिसतं, फक्त बघावं लागतं.

मागणीपत्राच्या फोटोबद्दल मावशी अजूनही ठाम आहेत की कागदाशिवाय दाते येत नाहीत. मधला मार्ग म्हणून सर्व्हरवर आता एक नमुना ठेवला आहे: कागदावर नाव आणि बेड नंबर झाकायचे, रुग्णालयाचा शिक्का आणि तारीख दिसू द्यायची. फक्त फॉलोअरांसाठी पोस्ट टाकावी, म्हणजे बूस्टच होणार नाही, असंही एकदा निघालं. मावशींनी ते एका प्रश्नात निकालात काढलं: “मग दाता कुठून येणार?”

सध्या अ‍ॅडमिन आवाहनांसाठी एक वेगळं खातं काढायच्या विचारात आहे, ज्यावर जुन्या पोस्ट आपोआप हटवण्याची मास्टोडॉनची सोय चालू असेल. त्या सोयीतली सगळ्यांत कमी मुदत एक आठवड्याची आहे, आणि तिथून सुटणारा निरोपही त्याच वाटेने जातो. धाग्यापोटी पोस्ट घेऊन गेलेले सर्व्हर तेव्हाही यादीबाहेरच राहतील. म्हणून लॉगमधून नावं काढणारी ती छोटी स्क्रिप्ट त्याने जपून ठेवली आहे.